मेडिकल कोडिंग म्हणजे डेटा एंट्री नव्हे

प्रश्न : मुलगी यंदा प्राणिशास्त्र घेऊन बीएस्सी झाली. पुण्यातल्या एका क्लासने तिला मेडिकल कोडिंग सुचवलंय. तिची मैत्रीण याच कामात आहे, अमेरिकेतल्या पेशंटच्या कानाच्या तपासणीचे रिपोर्ट बघते. ही डेटा एंट्रीच ना? मग पदवीचा काय उपयोग? – एक पालक, बार्शी

उत्तर : तुमची काळजी रास्त आहे, पण या कामात पदवी रोज लागते. डेटा एंट्रीत समोर दिसेल ते टाइप करायचं. कोडरला रिपोर्ट वाचून कोणती तपासणी झाली, कशासाठी झाली आणि काय निघालं हे ठरवावं लागतं आणि त्या प्रत्येकाला ठरलेला कोड लावावा लागतो. त्यावरच तिकडची विमा कंपनी पैसे देते किंवा क्लेम नाकारते.

मैत्रिणीच्याच कामातलं उदाहरण घ्या. रिपोर्टवर ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह ऑडिओमेट्री’, म्हणजे ऐकण्याची सर्वंकष तपासणी, असं शीर्षक आहे. त्याचा कोड ९२५५७. नवखी मुलं शीर्षक वाचून तो लावून मोकळी होतात. पण या कोडमध्ये चार गोष्टी येतात : एअर कंडक्शन (हवेतून ऐकणं), बोन कंडक्शन (हाडातून ऐकणं), किती हळू बोललेलं कळतं, आणि शब्द किती ओळखता येतात. खाली बोन कंडक्शनचे आकडेच नसतील तर हा कोड चालत नाही. हवेतून ऐकण्यासाठी ९२५५२ आणि बोलणं-शब्दांसाठी ९२५५६ असे दोन वेगळे लावावे लागतात. कोड दोन्ही कान धरून असतात. एकच कान तपासला असेल तर ५२ हा मॉडिफायर, म्हणजे काम कमी झाल्याचं सांगणारा जोड-आकडा, लावायचा. चारही तपासण्या झालेल्या असताना सुटे कोड लावले, तर तेही चूकच.

निदानाचा कोड आणखी नाजूक. समजा, आलेखात हवेतून ऐकण्याची पातळी ४५ डेसिबल आहे आणि हाडातून १०. शरीररचना शिकलेल्या मुलीला लगेच कळेल की अडथळा बाहेरच्या किंवा मधल्या कानात आहे, आतला कान आणि नस ठीक आहे. तरीही ऑडिओलॉजिस्टने, म्हणजे कान तपासणाऱ्या तज्ज्ञाने, नुसतं ‘हिअरिंग लॉस’ लिहिलं असेल, तर तिने आपल्या मनाने ‘कंडक्टिव्ह’चा, म्हणजे अशा अडथळ्यामुळे आलेल्या बहिरेपणाचा, कोड लावायचा नाही. त्यांना क्वेरी, म्हणजे लेखी प्रश्न, पाठवून विचारून घ्यायचं. तपासणी कशासाठी केली, हेही नोंदीत असावं लागतं. केवळ श्रवणयंत्र बसवण्यासाठी केलेल्या तपासणीचे पैसे मेडिकेअर, म्हणजे अमेरिकेची मुख्यतः ज्येष्ठांसाठीची सरकारी विमा योजना, देत नाही. पेशंटला चक्कर येत होती म्हणून तपासणी केली असेल, पण ते कुठेच लिहिलेलं नसेल, तर कोडरने ते आपल्या पदरचं घालायचं नाही. सगळं कळत असूनही हात आखडता घ्यायचा, हा संयम मला या कामात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तुमच्या मुलीकडे तो आहे का, हे तुम्हीच जास्त चांगलं सांगू शकाल.

काम दिवसभर स्क्रीनसमोरचं, रोजचं टार्गेट आणि अचूकतेचा तगादा असलेलं. कानाचंच काम मिळेल असंही नाही. फ्रेशरला कंपनी देईल तो विभाग घ्यावा लागतो. सोप्या रिपोर्टना आता सॉफ्टवेअरच कोड सुचवतं, तेव्हा माणसाकडे गुंतागुंतीचे उरणार. त्यामुळे कोड पाठ करून घेणाऱ्या क्लासवर मी एक रुपयाही खर्च करणार नाही. एएपीसी या अमेरिकी संस्थेच्या सीपीसी (सर्टिफाइड प्रोफेशनल कोडर) परीक्षेत १०० प्रश्न, चार तास, आणि कोडची पुस्तकं जवळ ठेवायची मुभा असते. पास झाल्यावर अनुभव होईपर्यंत ‘सीपीसी’पुढे ‘ए’, म्हणजे अप्रेंटिस, लागतो.

पेशंटसमोर बसून स्वतः कान तपासायचे असतील तर रस्ता वेगळा : बीएएसएलपी, म्हणजे ऐकण्या-बोलण्याच्या दोषांवरचा पदवी अभ्यासक्रम, इंटर्नशिपसह चार वर्षं. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत आणि नायर रुग्णालयात तो आहे. बीएस्सीनंतर पुन्हा चार वर्षं द्यायची तयारी आहे का, हे तिलाच ठरवू द्या.

तूर्तास एवढं करा. ‘शंभर टक्के नोकरी’ असं क्लास म्हणत असेल तर ते लेखी मागा. फी भरण्याआधी मुलीला एक दिवस वर्गात बसू द्या आणि तिथे नाव-पत्ता झाकलेले खरे रिपोर्ट सोडवून घेतात की नुसत्या स्लाइड दाखवतात, ते तिला बघून यायला सांगा.