जिवंत फुलाचं चित्र काढताना ते कोमेजण्याआधी सगळ्यात आधी काय उतरवून घ्यावं?

आधी रंग टिपून घ्या, मग फुलाचं रेखाटन. पानं आणि देठ शेवटी. खुडलेल्या फुलाची छटा आणि पाकळ्यांची ठेवण काही तासांतच बदलते, पाण्यात ठेवलेली पानं बहुधा जास्त टिकतात. कागदाच्या कडेला रंगाचे ठिपके लावून शेजारी मिश्रण लिहा. १८०१ साली निघालेल्या ऑस्ट्रेलियाच्या सफरीत वनस्पतींची चित्रं काढणारा ऑस्ट्रियन चित्रकार फर्डिनांड बाउअर असंच काहीसं करत होता: पेन्सिलच्या रेखाटनांवर प्रत्येक छटेचा ठरलेला आकडा, जवळजवळ हजारापर्यंत! रंगवणं नंतर, सवडीने. पाकळ्या आणि पुंकेसर मात्र मोजूनच काढा, अंदाजाने कधीच नको. रोप कुंडीत असेल तर एवढी घाई नाही, फक्त रोज त्याच वेळी बसा, कारण काही फुलं दुपारी मिटतात.