प्लॅन ‘ए’ घ्यावा की ‘बी’?

“तीन आठवड्यांत सही करायची आहे आणि घरात कोणी कोणाशी धड बोलत नाही. चुकीचा प्लॅन निवडला तर पुढची तीस वर्षं त्यातच काढायची, या विचारानं झोप लागत नाही.”

गोव्यात फोंड्याजवळच्या एका नव्या गृहप्रकल्पात फ्लॅट बुक करून सल्ला विचारायला आलेल्या शिक्षिकेचं हे म्हणणं. नवरा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला, मुलगा नववीत. सासूबाई एकाहत्तर वर्षांच्या, अजून उसगावच्या जुन्या चिऱ्याच्या घरात राहतात, पण गुडघे साथ देत नाहीत म्हणून आता मुलाकडे येणार. (ओळख पटू नये यासाठी काही तपशील बदलले आहेत.)

वाद दिसायला साधा होता. बिल्डरने दोन बेडरूमच्या फ्लॅटचे दोन प्लॅन समोर ठेवले होते. ‘ए’चा कार्पेट एरिया (आतलं वापराचं क्षेत्रफळ) 70 चौरस मीटर, ‘बी’चा 66. दर चौरस मीटरला 85,000 रुपये, म्हणजे फरक 3,40,000 रुपयांचा. शिवाय सुधारणांची एक गुळगुळीत रंगीत यादी, एकूण 6,40,000 रुपयांची: मोठ्या टाइल्स 85,000, हॉलचं फॉल्स सीलिंग 1,30,000, मॉड्युलर किचन 2,60,000, भारी सॅनिटरी सामान आणि भिंतीवरचा कमोड 70,000, बाल्कनीला अदृश्य ग्रिल 45,000, डिजिटल लॉक 22,000, तीन खोल्यांत एसीची पाइपिंग 28,000. नवऱ्याला ‘ए’ आणि फॉल्स सीलिंग हवं होतं, बायकोला ‘बी’ आणि किचन. सासूबाईंना कोणी विचारलंच नव्हतं.

अशा जोडप्यांना आधी ब्रोशर बाजूला ठेवायला सांगावं लागतं. मॉडेल फ्लॅट तर डोक्यातून काढूनच टाकावा. तिथे अनेकदा आतल्या खोल्यांना दारंच नसतात, पलंग नेहमीपेक्षा आखूड असतो आणि कपाटाच्या जागी आरसा. मग खोली मोठी वाटणारच. त्याऐवजी दोघांना वेगवेगळं बसवून एकच काम दिलं: घरातल्या प्रत्येकाचा पहाटे पाचपासून दुसऱ्या पहाटेपर्यंतचा दिवस कागदावर लिहायचा, कोण कुठे असतं, काय उघडतं, काय वाळत घालतं. नवऱ्याच्या कागदावर आईचा दिवस चार ओळींत संपला. बायकोच्या कागदावर एक ओळ होती: “आई रात्री तीनदा उठतात.”

त्या ओळीवर प्लॅनचा अर्धा निकाल लागला. ‘ए’मध्ये 6.6 मीटर लांब आणि 1.05 मीटर रुंद पॅसेज होता. दुसरी बेडरूम त्याच्या एका टोकाला, सार्वजनिक बाथरूम दुसऱ्या टोकाला, हॉलच्या कडेनं. पलंगापासून कमोडपर्यंत जवळजवळ नऊ मीटर, वाटेत दोन वळणं. ‘बी’मध्ये दोन्ही बेडरूम आणि बाथरूम दीड मीटर बाय दीड मीटरच्या छोट्या लॉबीभोवती. अंतर अडीच मीटर.

मग क्षेत्रफळाचं गणित मांडलं. रेरा, म्हणजे घरखरेदीदारांच्या संरक्षणाच्या कायद्यानुसार कार्पेट एरियात आतल्या भिंती आणि पॅसेज धरतात. बाहेरच्या भिंती, शाफ्ट (नळ्या नेण्याची उभी पोकळी) आणि फक्त त्या फ्लॅटची बाल्कनी धरत नाहीत. ‘ए’च्या पॅसेजने खाल्ले 6.93 चौरस मीटर, ‘बी’च्या लॉबीने 2.25. पॅसेज वजा केला तर ‘ए’त उरतात 63.07 आणि ‘बी’त 63.75. म्हणजे जे 3,40,000 रुपये जास्त मोजायचे होते, ते चालण्याच्या पट्ट्यासाठी. हे कागदावर पाहिल्यावर नवरा बराच वेळ गप्प होता. चूक त्याची नव्हती. मोठा आकडा म्हणजे मोठं घर असं कोणालाही वाटतं.

तरीही तो लगेच मानला नाही, आणि ते बरंच झालं, कारण पुढचा प्रयोग त्यामुळेच झाला. रविवारी उसगावच्या घरापुढच्या सारवलेल्या खळ्यात रांगोळीने दोन्ही प्लॅनमधली दुसरी बेडरूम खऱ्या मापाने आखायची. पलंगाच्या जागी खाट, कपाटाच्या जागी दोन बाकं, दाराच्या जागी सूप आडवं धरायचं आणि दार उघडतं तसं फिरवायचं.

‘ए’ची खोली 2.75 बाय 3.65 मीटर. एका आखूड भिंतीत नैऋत्येची खिडकी, दुसरीत दार. पावसाळ्यात नैऋत्येच्या खिडकीखाली उशी ठेवणं गोव्यात शक्य नाही, त्यामुळे पलंगाचं डोकं लांब भिंतीला लावायचं आणि समोर कपाट. पलंगाची लांबी 198 सेंटीमीटर, कपाटाची खोली 60, बेरीज 258. उरले 17. ब्रोशरमधली मापं बहुधा गिलाव्याआधीची, विटेपासून विटेपर्यंतची असतात. दोन्हीकडचा गिलावा मिळून तीन सेंटीमीटर गेले. राहिले 14, वीतभरही नाही. सासूबाई रांगोळीच्या रेषेवर उभ्या राहिल्या, बाकाकडे हात केला आणि म्हणाल्या, “अरे, कपाट उघडायला मी खाटेवर चढू का?”

‘बी’ची खोली 3.15 बाय 3.20. तिथे 54 सेंटीमीटर उरले. 45 सेंटीमीटरचा पल्ला उघडतो, माणूस जरा अंग चोरून उभा राहतो. ऐसपैस नाही, पण चालतं. नवऱ्याने त्याच संध्याकाळी ‘बी’ मान्य केला.

आता सुधारणांची यादी. इथे लोक सगळ्यात जास्त फसतात, आणि दरवेळी बिल्डरच फसवतो असं नाही. यादी पाहताना फक्त एक विचारायचं: हे काम ताबा मिळाल्यावर करायचं ठरवलं तर काय फोडावं लागेल? स्लॅब किंवा भिंत फोडावी लागणार असेल तर आत्ता. टाइल फोडावी लागणार असेल तर विचार करून आत्ता. काहीच फोडावं लागणार नसेल तर ते बाजारात कधीही मिळतं. तेच गृहकर्जात घातलं तर? 8.5 टक्के व्याज आणि 20 वर्षांची मुदत धरली तर 6,40,000 रुपयांचा हप्ता महिन्याला साधारण 5,550 रुपये, आणि एकूण परतफेड 13 लाखांच्या पुढे. डिजिटल लॉक वीस वर्षं टिकत नाही, त्याचा हप्ता टिकतो.

या चाळणीतून यादीतलं जवळजवळ सगळं गळलं. उरली एसीची पाइपिंग, तीही अर्धी. तांब्याच्या नळ्या भिंतीत आधीच गाडून घेऊ नयेत. एक टनाला आणि दीड टनाला नळीची जाडी वेगळी लागू शकते, यंत्र कुठलं घेणार ते ठरलेलं नसतं, आणि आत जोड गळला तर भिंत फोडण्यावाचून उपाय नसतो. आत्ता घ्यायचं ते तीनच गोष्टींपुरतं: 4 चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर, पाणी जाण्यासाठी 25 मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप (मीटरला किमान एक सेंटीमीटर उतार देऊन) आणि बाहेरच्या भिंतीत 75 मिलिमीटरची मोकळी नळी. 28,000चं काम 12,000वर आलं.

मॉड्युलर किचन गळलं तेव्हा बाईंचा चेहरा पडला. ते साहजिक होतं. पण यादीतल्या कपाटांचा सांगाडा पार्टिकल बोर्डाचा, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाचा होता. गोव्याच्या पावसाळ्यात सिंकखाली पार्टिकल बोर्ड फुगतो, कडेची पट्टी सुटते आणि बिजागरीचा स्क्रू धरत नाही. तिथे आयएस 710 चा (ओलाव्यात टिकणाऱ्या प्लायवूडच्या मानकाचा) शिक्का असलेला प्लायवूड हवा, आणि तो सुताराकडून ताबा मिळाल्यानंतर करून घेता येतो. आत्ता बिल्डरकडून मागायचं ते ओट्याची उंची (कोपराच्या उंचीतून 10 ते 15 सेंटीमीटर वजा, बाईंची उंची बेताची, म्हणून 85 ऐवजी 82), चिमणीच्या नळीसाठी 150 मिलिमीटरचं भोक आणि ओट्याच्या वर 16 अँपिअरचे चार पॉइंट. चिमणी धूर बाहेर टाकणारीच घ्यावी. नुसती जाळीतून हवा फिरवणारी चिमणी रोजच्या मासळीपुढे टिकत नाही.

यादीत नसलेल्या गोष्टी मात्र बऱ्याच निघाल्या, आणि सगळ्या त्या दिनक्रमाच्या कागदांतून. सासूबाईंच्या बाथरूमचं दार 75 ऐवजी 90 सेंटीमीटर, उद्या वॉकर किंवा चाकाची खुर्ची लागली तर. उंबरा जवळजवळ सपाट, जमिनीला खरबरीत टाइल. कमोडशेजारी आधाराचा दांडा बसणार तिथली भिंत हलक्या ब्लॉकची होती. अशा भिंतीत साधा खिळा-स्क्रू माणसाचं वजन घेत नाही, म्हणून तेवढा पट्टा काँक्रीटने भरून घ्यायचा. पावसाळ्यात वीज जाते म्हणून इन्व्हर्टरची वेगळी वायर डीबीपासून (घरातल्या विजेच्या मुख्य बोर्डापासून) प्रत्येक खोलीत. मासे साफ करायला युटिलिटीत, म्हणजे धुण्याभांड्यांच्या जागेत, खोल सिंक. आणि माटोळी, म्हणजे चवथीला (गणेश चतुर्थीला) गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची आरास.

माटोळीचा विषय निघाला तेव्हा कळलं की सासूबाई इतके दिवस गप्प का होत्या. मूळ घरातली चवथ चुकणार नाही, हे मुलाने त्यांना सांगितलं होतं. पण एखाद्या वर्षी गुडघ्यांमुळे उसगावला जाणं झालं नाही, तर गणपती फ्लॅटमध्ये बसवायचा आणि माटोळी टांगायची कशाला? जिप्समच्या फॉल्स सीलिंगला? नारळ, सुपारीचे घड, केळ्यांचा घड, रानातली फळं-पानं मिळून भरलेली माटोळी सहज तीस-चाळीस किलोंची होते. जिप्समचा पत्रा तेवढं पेलत नाही. त्यासाठी स्लॅबच्या सळ्यांना बांधलेले 10 मिलिमीटरच्या सळीचे चार आकडे हवेत, आणि ते काँक्रीट ओतण्याआधी. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता, वरचा स्लॅब पडायला अठरा दिवस होते. हे आकडे यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. खर्च नगण्य.

सगळं मिळून 1,18,000 रुपये झाले. ते कर्जात न घालता बचतीतून द्यायचं ठरलं.

कागदांबद्दल थोडंसं. तोपर्यंत फक्त बुकिंगचे पैसे दिले होते. करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, त्यामुळे बोलणी करायची ती या टप्प्यावरच. ब्रोशरमधला प्लॅन गोवा रेराच्या संकेतस्थळावर चढवलेल्या मंजूर आराखड्याशी ताडून पाहावा. “ताबा दिल्यावर बाल्कनी बंद करून खोली काढून देतो” असं कोणी म्हणालं तर ते मंजूर आराखड्याबाहेरचं काम आहे, त्याच्या भरवशावर प्लॅन निवडू नये. प्रत्येक बदल मापासह करारासोबतच्या परिशिष्टात यावा, तोंडी नको. सामानाच्या यादीत “किंवा समतुल्य” हे शब्द असतील तर कंपनी, मॉडेल आणि समतुल्य ठरवणार कोण, हेही लिहून घ्यावं. बदलांची रक्कम फ्लॅटच्या करारातच आली तर बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटच्या 5 टक्के जीएसटीचा प्रश्न असतो. वेगळ्या फर्मच्या नावाने इंटिरिअरच्या कामाचं बिल आलं तर 18 टक्के लागतो. बिल कोणाच्या नावाने निघणार, हे दर ठरवण्याआधी विचारावं.

आणखी एक. ताब्यानंतर पाच वर्षांपर्यंत बांधकामातला दोष लेखी कळवला की बिल्डरने 30 दिवसांत तो विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. पण तुम्ही स्वतः बाथरूमच्या टाइल फोडून बदलल्या आणि मग खालच्या घरात ओल उतरली, तर दोष कोणाचा यावर वाद सुरू होतो. म्हणून बाथरूममधले बदल त्याच्याकडूनच करून घ्यावेत, आणि वॉटरप्रूफिंग झाल्यावर, भराव घालण्याआधी, बाथरूमच्या खाली घेतलेल्या स्लॅबच्या खड्ड्यात 48 तास पाणी साठवून खालच्या मजल्याचं छत पाहून यावं. गिलाव्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीचा फोटो काढावा, शेजारी मोजपट्टी धरून. पुढे कपाट टांगताना ड्रिल वायरीत घुसत नाही.

या सगळ्या बदलांचं पत्र बिल्डरला गेलं, सहाव्या दिवशी उत्तर आलं. दोन गोष्टी नाकारल्या. युटिलिटीचा स्लॅब खाली घेतलेला नव्हता, त्यामुळे सिंकचं पाणी जमिनीखालून नेता येणार नव्हतं. मग सिंक शाफ्टच्या भिंतीला सरकवला आणि त्याची नळी वॉशिंग मशीनच्या नळीसोबत भिंतीवरूनच शाफ्टमध्ये नेली. थोडी उघडी दिसते. दुसरं, बाथरूमचं दार 90 होत नव्हतं, बाजूला कॉलम होता. 82 वर तडजोड झाली. ते चालेल की नाही, हे पाहायला नवरा फोंड्यातल्या दुकानातून वॉकर मोजून आला. रुंदी 63 सेंटीमीटर.

माटोळीचे आकडे बांधले त्या दिवशी नवरा साइटवर होता. फोटो आईला दाखवला, तेव्हा तिने विचारलं, चारच का? मधे एक पाचवा असता तर झुंबरासारखा घड लावता आला असता. काँक्रीट दुसऱ्या दिवशी होतं. पाचवा आकडा संध्याकाळी बांधला.