घरी जलरंगात चित्रं काढायची आहेत. रंग कोणते घ्यावेत, ट्रेसिंगसाठी काय वापरावं, आणि ट्रेस करणं ही फसवणूक आहे का?

तुमच्या प्रश्नाचे पहिले दोन भाग सोपे आहेत. मी लिहायला बसले ती तिसऱ्या भागासाठी. "ट्रेस करणं म्हणजे फसवणूक" हे आमच्या घरात मी इतकी वर्षं ऐकत आलेय की कुणीतरी ते प्रश्न म्हणून विचारतंय याचंच बरं वाटलं. आमच्याकडे निकाल कधीच लागलेला असतो.

तर आधी सरळ उत्तर. नाही, फसवणूक नाही. जलरंगात तर नाहीच नाही. पाणी किती घेतलं, कागद किती ओला असताना ब्रश टेकवला आणि पांढरं कुठे राखलं यावर जलरंगाचं चित्र ठरतं. यातलं काहीही ट्रेस करता येत नाही.

माझा थोरला भाऊ चित्रकला रीतसर शिकलेला आहे. हात उत्तम. समोर बसलेल्या माणसाचं स्केच तो गप्पा मारता मारता करतो, आणि ते हुबेहूब असतं, हे मी कधीच नाकारलं नाही. मी मात्र जे शिकले ते आपलं आपण. आजी गेल्यावर तिच्या एका फोटोची मोठी प्रत काढून मी जलरंगात तिचं चित्र केलं. बाह्यरेषा ट्रेसिंग पेपरवर घेतली आणि तिथून कागदावर उतरवली. दादा आला तेव्हा चित्र भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं आणि ट्रेसिंग पेपर टेबलावर पडलेला होता. त्याने चित्राकडे बघायच्या आधी तो पेपर उचलला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "छापा मारलास होय? मग यात तुझं काय?" नंतर चित्राकडे बघून म्हणाला, "आणि डोळे मोठे झालेत."

डोळे मोठे झालेले नव्हते. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आजीला जाड बहिर्गोल भिंगांचा चष्मा लागला होता. तसल्या भिंगामागे डोळा मोठाच दिसतो, आणि भिंगाच्या कडेपाशी गालाची रेषा तुटून थोडी बाहेर सरकते. हाताने काढणारा कसलेला माणूस नकळत हे दुरुस्त करून टाकतो, कारण चेहऱ्याच्या मानाने डोळा केवढा असायला हवा हे त्याला पाठ असतं. माझ्या ट्रेसिंग पेपरला काहीच पाठ नव्हतं. जसं होतं तसं उतरलं, आणि म्हणूनच घरातल्या प्रत्येकाला ती लांबूनच आजी वाटली.

आणि "यात तुझं काय" याचं उत्तर त्याच चष्म्याखाली होतं. जाड भिंगातून आलेला उजेड गोळा होऊन गालावर एक लहानसा तेजस्वी डाग पडतो. फोटोत तो होता. ट्रेसिंगमध्ये त्याची रेषा मी मुद्दाम घेतली नाही, कारण उजेडाला कड नसते. पातळ पिवळ्या मातकट रंगाचा वॉश, म्हणजे भरपूर पाण्यातला पातळ थर, सगळ्या गालावर द्यायचा, तेवढी जागा कोरडी सोडायची, आणि वॉश ओला आहे तोवर स्वच्छ ओलसर ब्रशने एकाच बाजूची कड विरघळवायची. दुसरी बाजू तशीच ठेवायची. उशीर झाला की दोन्ही कडा कडक राहतात आणि गालावर ठिगळ लावल्यासारखं दिसतं. घाई केली की रंग आत वाहतो आणि पांढरं कायमचं जातं. हे सगळं माझं होतं. दादाला ते त्या दिवशी दिसलं नाही, कारण तो ट्रेसिंग पेपरच बघत होता.

ज्यांना हा आळशी लोकांचा शॉर्टकट वाटतो त्यांनी जुन्या चित्रकारांच्या कार्यशाळेत काय काय पडलेलं असायचं ते बघावं. राफाएलने 'स्कूल ऑफ अथेन्स' या भित्तिचित्रासाठी केलेलं पूर्ण आकाराचं रेखाटन मिलानमध्ये आजही आहे. त्याच्या रेषांवर सुईने भोकं पाडलेली आहेत. अशा भोकांमधून कोळशाची पूड झटकून आकृती दुसरीकडे उतरवत. मुघल आणि पहाडी लघुचित्रांच्या कारखान्यांत हरणाच्या पातळ, पारदर्शक कातड्यावर रेषा उतरवून घेत. तिला चरबा म्हणत, आणि तो पुढच्या पिढीलाही वापरायला मिळे. जर्मन चित्रकार ड्यूररने १५२५ साली छापलेल्या पुस्तकात काचेतून आणि चौकटीत ताणलेल्या दोऱ्यांच्या मदतीने माणसं-वस्तू उतरवून घ्यायच्या युक्त्या चित्रांसकट दिल्या आहेत. १८०६ मध्ये वोलास्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने कॅमेरा ल्यूसिडा या यंत्राचं पेटंट घेतलं. त्यातल्या लोलकातून समोरचं दृश्य कागदावर पडल्यासारखं दिसतं आणि त्यावरून पेन्सिल फिरवायची. हेच यंत्र घेऊन फॉक्स टॅल्बट नावाचा इंग्रज १८३३ साली इटलीत कोमो सरोवराच्या काठी बसला आणि त्याच्या हाती निराशेखेरीज काही लागलं नाही, कारण त्याला चित्र काढता येत नव्हतं. त्या वैतागातूनच तो पुढे फोटोग्राफीच्या शोधाकडे वळला. साधन हातात असलं की चित्र आपोआप होतं असं म्हणणाऱ्यांना मी ही गोष्ट दर वेळी सांगते.

आता साधनं. मी फार काही वापरत नाही. फोटोची हव्या त्या आकाराची प्रत, ट्रेसिंग पेपर, एचबी आणि ४बी पेन्सिल, मास्किंग टेप, मळता येणारा खोडरबर. ट्रेसिंग पेपरवर रेषा घेतल्या की तो उलटा करून फक्त त्या रेषांवरून ४बी फिरवायची आणि कापसाने हलकं पुसायचं, म्हणजे जास्तीची भुकटी निघून जाते. मग सुलटा करून चित्राच्या कागदावर ठेवायचा आणि टेप फक्त वरच्या कडेला लावायची. खालून उचलून मध्ये मध्ये बघता येतं, आणि परत ठेवला तरी जागा हलत नाही. गिरवायला लाल बॉलपेन घ्या, काय झालं आणि काय राहिलं ते लगेच कळतं. दाबून गिरवू नका. कागदावर चर पडली की वॉश दिल्यावर रंग त्या चरीत उतरतो आणि गडद रेषा उमटते. ती पुसता येत नाही.

टायपिंगचा निळा कार्बन पेपर अजिबात नको. त्यात मेण असतं, रेषा खोडली जात नाही आणि पाणीही ढकलते. चित्रकलेसाठी बिनमेणाचा ग्राफाइट पेपर वेगळा मिळतो, तो चालेल. लाइट पॅड (खालून उजेड देणारी सपाट पाटी) चांगला, पण ३०० जीएसएमच्या, म्हणजे जाड, कागदातून उजेड यायला खोलीत अंधार करावा लागतो. त्यापेक्षा दिवसा खिडकीची काच बरी, फक्त उभ्याने हात दुखतो. चित्र मोठं करायचं असेल तर फोटोवर आणि कागदावर चौकोन आखून काढा. वेळ लागतो, पण नजर तयार होते. प्रोजेक्टर मला आवडत नाही. आपल्याच हाताची सावली पडते, आणि तो जरा तिरका राहिला तर सगळा चेहरा लांबतो.

रेषा कमीत कमी घ्या. डोळ्यांचे कोपरे, नाकपुडी, दोन ओठांमधली रेघ, हनुवटी, केसांची हद्द. सावल्यांच्या कडा गिरवायच्याच नाहीत. आणि वॉश द्यायच्या आधी खोडरबर दाबून रेषा फिकट करून घ्या, एकदा वर रंग चढला की पेन्सिल खाली अडकून बसते.

आता रंग. इथेही दादा येणार, माझा इलाज नाही. त्याने काढलेलं गुलाबांचं एक चित्र आमच्या बैठकीच्या खोलीत खिडकीसमोर लावलेलं होतं. रेखाटन बघत राहावं असं, सगळं हाताने. पण रंग हाताशी होता त्या संचातले, आणि गुलाबी होता तो झगझगीत, फ्लुओरेसंट जातीचा. काही वर्षांत गुलाब मळकट पांढरे झाले. पानांमधला पिवळा उडाला आणि पानं निळी दिसायला लागली. सतराव्या शतकातल्या डच फुलांच्या चित्रांत निळी पानं दिसतात तीही बहुतेक याच कारणाने, हिरव्यातला पिवळा उडून गेलेला असतो. व्हॅन गॉगचे १८९० सालचे गुलाब आज पांढरे दिसतात, ते त्याने गुलाबी रंगवले होते. त्याने वापरलेला लाल उजेडाला टिकणारा नव्हता. आजीचं चित्र त्याच खोलीत, त्याच उजेडात आहे आणि ते जसंच्या तसं आहे. यावर दादाचं म्हणणं असं की रंग उडणं आणि चित्र खरं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मला ते पटत नाही. चित्रकाराने आपल्या रंगाची चौकशी करायला हवी, ते चित्राचंच काम आहे.

म्हणून डबीवर लिहिलेल्या नावावर जाऊ नका. ट्यूबवर बारीक अक्षरात पिगमेंटचा, म्हणजे ज्याने रंग येतो त्या मूळ भुकटीचा, कोड असतो, तो वाचा. कोड छापलेलाच नसेल तर तो रंग घेऊ नका. नावापुढे 'ह्यू' लिहिलं असेल तर त्यात मूळ पिगमेंट नाही, त्याच्या छटेचं दुसरं काहीतरी आहे. ते वाईटच असेल असं नाही, पण काय आहे ते कळायला हवं. एका ट्यूबमध्ये शक्यतो एकच पिगमेंट असावं, तीन-चार असली की मिश्रणं गढूळ होतात. उजेडात टिकण्यासाठी एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेची श्रेणी १ किंवा २ बघा. काही कंपन्या ब्लू वूल मोजपट्टी देतात, ती १ ते ८ असते आणि ८ सर्वांत चांगलं.

मी सुरुवातीला हे घेईन: अल्ट्रामरीन (पीबी २९), थॅलो ब्लू (पीबी १५:३), पिवळा पीवाय १५४, यलो ऑकर (पीवाय ४३), गुलाबी-किरमिजीसाठी क्विनाक्रिडोन (पीव्ही १९) आणि बर्न्ट सिएना (पीबीआर ७). एवढ्यात माणसांची कातडी, झाडं, आकाश, सगळं होतं. काळा नको. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून जो गडद करडा येतो तो कुठल्याही तयार काळ्यापेक्षा जिवंत असतो, आणि एकाचं प्रमाण वाढवून तो निळसर किंवा तपकिरी करता येतो. पांढराही नको, कागद आहे. थॅलो ब्लू जपून, तो कागदात शिरतो आणि नंतर उचलला जात नाही. चोवीस रंगांचा संच घेण्यापेक्षा हे सहा चांगल्या प्रतीचे घ्या. विद्यार्थी प्रतीच्या रंगात पिगमेंट कमी आणि भरताड जास्त असतं, म्हणून वाळल्यावर रंग खडूसारखा फिका पडतो, आणि नवशिक्याला वाटतं आपलाच हात वाईट.

अलिझरिन क्रिमसन (पीआर ८३) अजूनही कित्येक संचांत असतो. तो उडतो, वगळा. ही काही आजची माहिती नाही. रसेल आणि ॲबनी या इंग्रज शास्त्रज्ञांनी १८८८ मध्ये जलरंगांवर उजेडाचा परिणाम तपासून अहवाल दिला होता, आणि कारमाइनसारखे लाल त्यात सर्वांत आधी उडणाऱ्यांत निघाले होते. तुमच्याकडे असलेला रंग टिकाऊ आहे का हे घरीही कळतं. कागदावर पट्टे मारा, अर्ध्या भागावर काळा पुठ्ठा घट्ट लावा आणि उन्हाच्या खिडकीत काही महिने ठेवा. पुठ्ठा काढल्यावर दोन्ही भागांत फरक दिसला तर तो रंग भिंतीवरच्या चित्रात नको.

ट्यूब की पॅन (वाळलेल्या रंगाची वडी) हा वाद मला महत्त्वाचा वाटत नाही. घरी बसून काढणार असाल तर ट्यूब घ्या, मोठ्या वॉशला पटकन भरपूर रंग मिळतो. उरलेला पॅलेटवर वाळू द्या, पुन्हा ओला होतो. ब्रश एक चांगल्या टोकाचा गोल आठ नंबर, बाकी नंतर. पैसे वाचवायचेच असतील तर ब्रशवर वाचवा, कागदावर नको. कागद ३०० जीएसएम, जमलं तर पूर्ण कापसाचा. लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदावर वॉश भराभर वाळतो आणि कड विरघळवायला वेळच मिळत नाही. तो गालावरचा उजेड मला तसल्या कागदावर जमला नसता.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. दुसऱ्याचा फोटो किंवा चित्र ट्रेस करून स्वतःचं म्हणून दाखवणं किंवा विकणं ही मात्र फसवणूकच, तिथे मी दादाच्या बाजूची आहे. स्पर्धेला पाठवणार असाल तर ट्रेसिंग चालतं का ते नियमात वाचा. मोबाइलने जवळून काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान मागे गेलेले येतात. तसाच ट्रेस केला तर चित्रातही तेच येईल, म्हणून जरा लांबून फोटो काढा आणि झूम करा. कॅडमियम असलेले रंग घेतलेत तर ब्रशचं टोक तोंडात धरून नीट करायची सवय सोडा. आणि रोज थोडं नुसत्या हाताने काढत राहा. मीही काढते. ट्रेसिंगमध्ये कुठली रेषा घ्यायची आणि कुठली सोडायची हे त्याशिवाय कळत नाही. हे दादानेच मला सांगितलं होतं, फक्त त्याने ते ट्रेसिंग सोडून देण्यासाठी सांगितलं होतं.

तुम्ही आधीच एखादा मोठा संच घेऊन बसला असाल तर तो फेकू नका. सरावाला, रंग मिसळून बघायला तो उपयोगी आहे. फक्त कुणाला भेट द्यायचं किंवा भिंतीवर लावायचं चित्र असेल तर त्यातला गुलाबी आणि जांभळा वापरू नका, त्या दोघांसाठी पीव्ही १९ ची एक वेगळी ट्यूब आणा.