वाचकांचे प्रश्न : पडद्यावरचे डॉ. कोटणीस

प्रश्न : व्ही. शांताराम यांच्या 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' (1946) या चित्रपटात डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा अंत प्लेगने होतो. आमच्या सोलापुरात मात्र ते अपस्माराने गेले असे ऐकत आलो आहोत. खरे काय मानावे? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : सोलापूरकरांचेच खरे. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला 1938 मध्ये काँग्रेसने धाडलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात कोटणीस होते. पुढे ते चिनी कम्युनिस्ट सैन्याबरोबर उत्तर चीनच्या डोंगराळ मुलखात राहिले, कॅनडाचे शल्यचिकित्सक डॉ. नॉर्मन बेथून यांच्या नावाच्या इंटरनॅशनल पीस हॉस्पिटलचे प्रमुख झाले आणि 1941 मध्ये त्यांनी परिचारिका गुओ चिंगलान यांच्याशी विवाह केला. 1942 च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला आणि त्याच वर्षी 9 डिसेंबरला अपस्माराच्या लागोपाठच्या झटक्यांनी, वयाच्या अवघ्या 32 व्या वर्षी, कोटणीस गेले. चित्रपटाचा नायक मात्र जपानी तुकडीच्या हाती सापडून निसटतो, प्लेगची साथ आटोक्यात आणतो आणि अखेर त्याच रोगाला बळी पडतो.

हा फरक अजाणता झालेला नसावा. साथीच्या रोगाशी डॉक्टरला दोन हात करता येतात, अपस्मारात तसा समोर उभा राहणारा शत्रूच नसतो. शिवाय प्लेग म्हणजे काय हे 1946 च्या मराठी प्रेक्षकाला समजावून सांगावे लागत नव्हते, कारण मुंबई-पुण्याच्या साथींच्या आठवणी अजून घरोघरी निघत होत्या. नाट्य म्हणून ही निवड चपखल आहे, हे मान्य केले तरी तिच्यामुळे एक गोष्ट हातची गेली असे आमचे मत आहे. 1940 मधील एका लढाईत कोटणीसांनी सलग 72 तास जखमींवर शस्त्रक्रिया केल्याचे सांगितले जाते. अशा श्रमांनी माणूस हळूहळू झिजत जातो, आणि ते झिजणे पडद्यावर आणायला साथीच्या देखाव्यापेक्षा अधिक धीराचा दिग्दर्शक लागतो.

प्रश्न : काँग्रेसच्या कामावरचा हा चित्रपट इंग्रज सरकारने होऊ कसा दिला? (पुण्याहून एक वाचक)

उत्तर : कारण त्यातला शत्रू जपान आहे. महायुद्धाच्या काळात कच्च्या फिल्मचे रेशनिंग होते आणि निर्मात्यांनी युद्धकार्याला पूरक चित्रपट काढावेत असा सरकारचा आग्रह असे. जपान्यांविरुद्ध लढणाऱ्या सैन्याची सेवा करणारा डॉक्टर या चौकटीत अलगद बसत होता, आणि तो काँग्रेसनेच पाठवलेला असल्यामुळे देशभक्त प्रेक्षकालाही तो आपला वाटणार होता. व्ही. शांताराम यांची ही हिकमत आम्हाला त्यांच्या कॅमेऱ्याच्या करामतींइतकीच दाद देण्याजोगी वाटते. चित्रपट पडद्यावर आला तोवर युद्ध संपलेले होते, त्यामुळे सरकारला त्याचा उपयोग उरला नव्हता. प्रेक्षकांसाठी मात्र ती स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरची कथा झाली होती.

प्रश्न : या चित्रपटामागे कोणकोण होते, आणि कोटणीसांची भूमिका शांतारामांनी स्वतःच का केली? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : मूळ पुस्तक ख्वाजा अहमद अब्बास यांचे, 1944 चे, पटकथा अब्बास आणि व्ही. पी. साठे यांची. संगीत वसंत देसाई यांचे आणि गीते दिवाण शरर यांची. निर्मिती अर्थातच राजकमल कलामंदिरची, म्हणजे 'प्रभात' ही फिल्म कंपनी सोडल्यावर शांतारामांनी 1942 मध्ये परळला उभारलेल्या संस्थेची. नायिका चिंग लान झाल्या होत्या जयश्रीबाई, म्हणजे शांतारामांच्या पत्नी. मराठी अभिनेत्रीला चिनी दिसवण्याचा तो खटाटोप आज डोळ्यांना खटकतो, पण त्या काळी मुंबईत दुसरा इलाजही फारसा नव्हता.

शांतारामांनी ही भूमिका स्वतःकडे का घेतली, याचे आमचे उत्तर केवळ अंदाजाचे आहे. मूकपटांपासून ते नट होतेच, आणि मनाजोगती गोष्ट दुसऱ्याच्या हाती देणे त्यांच्या स्वभावात नव्हते. तेव्हा त्यांचे वय चाळिशीच्या पुढे गेले होते आणि कोटणीस मुंबईहून बोटीत बसले ते अठ्ठाविशीच्या आत. चित्रपटाच्या पूर्वार्धात, तरुण डॉक्टर घरच्यांचा निरोप घेतो तिथे, हे अंतर लपत नाही. चीनमधल्या भागात दाढीचे खुंट आणि थकवा यांनी ते बरेच भरून निघते. याच कथेची इंग्रजी आवृत्तीही राजकमलने काढली होती. अभ्यासकांनी मात्र हिंदीच पाहावी, कारण वसंत देसाईंच्या गाण्यांची खरी जागा तिथेच आहे.