बेळगावात होलसेल दुकान आहे, टॅलीतून पार्ट्यांना ई-पेमेंट सुरू करायचंय. आधी काय तयारी करू?

सगळ्यात आधी पार्टी लेजरमधले (टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधल्या प्रत्येक पार्टीच्या खात्यातले) बँक तपशील तपासून घ्या, सेटिंग नंतर. प्रत्येक पार्टीकडून चालू चेकबुकातला रद्द चेक मागा, जुन्या बिलावरून खाते नंबर उतरवू नका. आपल्या भागात सिंडिकेट बँकेची खाती भरपूर होती. ती बँक १ एप्रिल २०२० ला कॅनरात विलीन झाली आणि ‘एसवायएनबी’ने सुरू होणारे तिचे आयएफएससी कोड (बँक शाखेची ओळख सांगणारे कोड) जुलै २०२१ पासून बंद आहेत, पण लेजरमध्ये अजून तेच सापडतात. कोड ११ अक्षरी, पाचवं नेहमी शून्य. तिथे इंग्रजी ‘ओ’ पडला की पेमेंट अडकतं. पैसे पाठवताना आरटीजीएस दोन लाखांपासून पुढे, त्याखाली एनईएफटी. मात्र तुमचं खातं सहकारी बँकेत असेल तर टॅलीतून काढलेली पेमेंट फाइल बँकेत अपलोड करायची सोय आहे का, हे शाखेत आधी विचारा.