दिवाणखान्यातील जुनी मत्स्यचित्रे: मूळ पान घ्यावे की छापून घ्यावे?

ठाण्यातील नव्या घराच्या दिवाणखान्यात उष्ण प्रदेशातील माशांची जुनी चित्रे लावायची आहेत, असे तुम्ही लिहिले आहे. दक्षिण मुंबईतील एका दुकानदाराने फ्रेम केलेले एक चित्र ‘रेनार्डच्या १७१९ च्या ग्रंथातील मूळ पान’ म्हणून दाखवले आहे, सोफ्यामागची भिंत पश्चिमेची आहे, आणि एखादे चित्र तीन फुटांपर्यंत मोठे करून छापून घेता येईल का, हाही तुमचा प्रश्न आहे. या तिन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे: समोरचे चित्र कोणत्या पद्धतीने छापलेले आहे? ते कळले की खरेखोटेपणा, वाजवी किंमत, भिंत, फ्रेम आणि आकार हे सारे बऱ्याच अंशी ठरून जाते, म्हणून भिंतीच्या रंगाचा विचार करण्याआधी छपाईबद्दल लिहितो.

आधी रेनार्ड. लुई रेनार्ड हा अ‍ॅमस्टरडॅममधील प्रकाशक होता आणि ब्रिटिश राजसत्तेचा हस्तक म्हणूनही तो वावरत असे. आजच्या इंडोनेशियातील मोलुक्का बेटांच्या परिसरातील माशांवरचा त्याचा ग्रंथ १७१९ च्या सुमारास निघाला. त्यात शंभर पानांवर मासे, खेकडे, शेवंडे अशी ४६० चित्रे आहेत, आणि त्यांतील बरीचशी याच बेटांपैकी अंबोनवर डच ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत असलेल्या सॅम्युअल फालूर्स याच्या चित्रांवरून कोरलेली आहेत. फालूर्सची नजर चित्रकाराची होती, पण हात मात्र सढळ होता. प्रवाळातील माशांचे मूळचेच भडक असलेले रंग त्याने आणखी चढवले, काहींच्या अंगावर चंद्र-सूर्य काढले, आणि एक मासा आपण तीन दिवस घरात पाळला असता तो कुत्र्याच्या पिल्लासारखा मागेमागे फिरत होता, अशी नोंद करून ठेवली. ग्रंथात एक जलपरीही आहे, आणि ती पाण्याच्या पिंपात चार दिवस सात तास जगली, असा मजकूर तिच्यासोबत दिलेला आहे. सजावटीच्या दृष्टीने या पानांना तोड नाही हे मी मान्य करतो, कारण तीनशे वर्षांपूर्वीची असूनही ती आजच्या भिंतीवर जुनाट दिसत नाहीत.

नेमकी हीच लोकप्रियता सावध राहण्याचे कारण आहे. पहिल्या आवृत्तीच्या अवघ्या शंभर प्रती निघाल्या होत्या. पुढे १७५४ आणि १७८२ मध्ये पुन्हा आवृत्त्या निघाल्या, तरी सुटे मूळ पान सहज हाती लागावे इतकी ती संख्या नाही. उलट १९९५ मध्ये अमेरिकेत या ग्रंथाची उत्तम प्रतिकृती प्रसिद्ध झाली आहे आणि संगणकावरून उतरवून छापलेली पाने तर जगभर मिळतात. दुकानदार खोटे बोलत आहे असे मी म्हणत नाही. त्यालाही ते पान कोणीतरी ‘मूळ’ म्हणूनच विकलेले असू शकते. मात्र फ्रेम उघडून दाखवण्याची त्याची तयारी नसेल, तर ते चित्र नक्कल म्हणूनच घ्यावे आणि किंमतही नकलेचीच द्यावी.

फ्रेम उघडली तर जवाहिऱ्याकडे असते तसे दहापट मोठे दाखवणारे भिंग घेऊन पान उजेडात बघा. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या चित्रात काळ्या रेषा सलग असतात, शाई कागदावर किंचित उठून आलेली बोटाला कळते, आणि चित्राभोवती पत्र्याच्या दाबाची आयताकृती खाच दिसते. कडा कापलेल्या असतील तर ही खाच नाहीशी झालेली असते, हे ध्यानात ठेवावे. रंग हाताने भरलेला असल्यामुळे तो कुठे रेषेबाहेर गेलेला, कुठे कल्ल्याच्या कडेशी साचून गडद झालेला आढळतो. याउलट भिंगाखाली रेषासुद्धा निळ्या, गुलाबी, पिवळ्या आणि काळ्या ठिपक्यांच्या नियमित जाळीत विरघळलेली दिसली, तर ते चित्र विसाव्या शतकातील किंवा त्यानंतरच्या छापखान्यातून आलेले आहे, मग कागद कितीही पिवळा असो. चहाच्या पाण्याने कागद पिवळा करणे अवघड नाही. अठराव्या शतकातील बहुतेक कागद उजेडासमोर धरला की त्यात कागद बनवण्याच्या साच्यातील तारांच्या समांतर रेषा दिसतात. त्या नसतील तर शंका अधिक पक्की होते.

आता ज्या चित्रांसाठी मूळ पानच घ्यावे असे मला मनापासून वाटते, त्यांच्याबद्दल थोडे विस्ताराने. मार्कस एलिएझर ब्लॉख हा बर्लिनमधील वैद्य होता. १७८२ ते १७९५ या काळात त्याने माशांवरचा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला आणि त्यात हाताने रंगवलेली ४३२ चित्रपाने दिली. त्याच्याकडे जगभरातून मासे येत. तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील तरंगमबाडी या तेव्हाच्या डॅनिश वसाहतीतून जॉन नावाचे मिशनरी त्याला मासे पाठवीत असत. निळ्या अंगावर पिवळे पट्टे असणारा ‘एम्परर एंजलफिश’ शास्त्रीय नावाने प्रथम नोंदवला तो ब्लॉखनेच, १७८७ मध्ये. आणि आपल्या बाजारातील हलवाही त्याच्याच १७९५ च्या नोंदीतून शास्त्राला ठाऊक झाला. या पानांचे खरे वैशिष्ट्य मात्र भिंतीजवळ गेल्यावरच कळते. अनेक माशांच्या खवल्यांवर रंगाबरोबर चांदीचा, क्वचित सोन्याचा वा ब्राँझचा हात फिरवलेला आहे. समोरून पाहिले तर मासा नुसता राखाडी वाटतो. दोन पावले बाजूला सरकलात आणि उजेड तिरपा पडला की तीच बाजू मिठाईवरच्या वर्खासारखी लकाकते, खवल्यांची एकेक ओळ वेगळी होते, आणि पोटाकडे जाताना ती लकाकी कशी विरत नेली आहे तेही दिसते. काही प्रतींत ही चांदी काळवंडलेली आहे, आणि तोही त्या पानाच्या वयाचाच भाग आहे. स्कॅन करताना ही चांदी मेलेल्या राखाडी रंगात उतरते, त्यामुळे ब्लॉखचे छापून घेतलेले चित्र कितीही चांगले असले तरी मूळ पानाची गोष्ट त्यात येत नाही. चांदीचा मासा निवडायचा असेल तर एकच, पण मूळ घ्यावा, असे माझे मत आहे.

एवढा खर्च करायचा नसेल तर विल्यम जार्डिन यांच्या ‘नॅचरलिस्ट्स लायब्ररी’ या १८३३ ते १८४३ मधील मालिकेतील पाने शोधावीत. पोलादी पत्र्यावर कोरलेली ही पाने लहान असतात, मासा हाताने रंगवलेला आणि मागचे दृश्य न रंगवता ठेवलेले असते. त्यात ब्रिटिश गयानातील (दक्षिण अमेरिकेतील आजचा गयाना देश) माशांवर शोम्बुर्क यांचे दोन खंड आहेत. ही पुस्तके खूप खपली, त्यामुळे त्यांची सुटी पाने अजूनही मिळतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या जर्मन ज्ञानकोशांतील रंगीत शिळाछाप पाने त्याहूनही स्वस्त पडतात. सुटे पान म्हणजे बहुधा कोणीतरी फोडलेले पुस्तक, हे विसरू नये. ज्ञानकोशाच्या बाबतीत मला त्याचे फारसे वाईट वाटत नाही, पण तुमच्यासाठी एखादा अखंड दुर्मिळ ग्रंथ कोणी फोडायला निघाला असेल तर ती खरेदी टाळावी.

रंग नको असतील आणि फर्निचर सागवानी असेल तर भारतीय माशांच्या काळ्या-पांढऱ्या चित्रांचा विचार जरूर करा. पॅट्रिक रसेल यांनी विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर जमवलेल्या दोनशे माशांचा ग्रंथ १८०३ मध्ये लंडनला निघाला. त्यातील चित्रे स्थानिक चित्रकारांकडून काढून घेतलेली होती आणि माशांची स्थानिक नावेही त्यात दिलेली आहेत. (घोणसाच्या इंग्रजी नावात ज्यांचे नाव आहे तेच हे रसेल.) फ्रान्सिस डे यांचा ‘द फिशेस ऑफ इंडिया’ हा ग्रंथ १८७५ ते १८७८ मधला आहे आणि त्याची शिळाछाप पाने अतिशय स्वच्छ आहेत. आपल्या ताटातले मासे भिंतीवर बघायला काहींना विचित्र वाटते. मला तरी अंबोनच्या अनोळखी माशापेक्षा ते अधिक आपले वाटतात.

छापूनच घ्यायचे ठरवले तर त्यात कमीपणा काहीच नाही. वर उल्लेखलेल्या काळातील चित्रे स्वामित्वहक्कातून मुक्त आहेत आणि ‘बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी’ या संकेतस्थळावर अनेक ग्रंथांची पाने विनामूल्य उतरवून घेता येतात. अर्न्स्ट हेकेल यांच्या १८९९ ते १९०४ मधील चित्रसंग्रहातील पेटीच्या आकाराच्या माशांचे पान असे छापून फार सुंदर दिसते, कारण ते मुळातच शिळाछाप आहे आणि चांदीसारखे काही त्यात हरवत नाही. छपाई सुती कागदावर, पिगमेंट (रंगद्रव्याचे बारीक कण असलेल्या) शाईत करून घ्यावी, आणि कागदाचा जुना पिवळसरपणा संगणकावर पुसून पांढराफेक करू नये, कारण तसे केले की हाताने भरलेले रंग उगाच कर्कश होतात. तीन फुटांबद्दल स्पष्टच सांगतो: करू नका. चार हजार पिक्सेल रुंदीची प्रतिमा इंचाला तीनशे ठिपके या हिशेबाने साधारण तेरा इंचच चांगली छापता येते. शिवाय हातात धरून पाहण्यासाठी कोरलेली बारीक रेषा तिप्पट मोठी केली की ती दोरखंडासारखी जाड होते आणि चित्राचा नाजूकपणा निघून जातो. मोठी भिंत भरायची असेल तर एकाच ग्रंथातील सहा किंवा नऊ पाने मूळ आकारात, मोठा समास सोडून, एकसारख्या फ्रेममध्ये लावावीत.

तुमची पश्चिमेची भिंत मला सर्वांत जास्त खटकते. मुंबई-ठाण्याकडे पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो, बाहेरची भिंत आतून ओल धरते, आणि फ्रेमच्या मागे अडकलेल्या त्या दमटपणामुळे कागदावर तांबूस डाग पडतात, बुरशी येते, पाठोपाठ कसरही लागते. मूळ पान घराच्या आतल्या कोरड्या भिंतीवर लावावे; पश्चिमेच्या भिंतीवर छापील चित्रे चालतील, पण तीही फ्रेमच्या चारही कोपऱ्यांना मागून रबराची वा बुचाची बटणे लावून, हवा खेळेल अशी. जलरंगातील चित्रांसाठी संग्रहालये उजेड पन्नास लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) आसपास, म्हणजे मंदच ठेवतात. घरात ते जमणार नाही, पण थेट ऊन आणि चित्रावर रोखलेला दिवा टाळता येतो. अतिनील किरण अडवणारी काच उपयोगी आहे, तरी साध्या उजेडानेही रंग उडतात, त्यामुळे त्या काचेच्या भरवशावर चित्र खिडकीसमोर लावू नये.

फ्रेमवाल्याला दोन गोष्टी आधीच बजावून सांगाव्यात, कारण सांगितले नाही तर तो नेहमीच्या सवयीने पान हार्डबोर्डवर फेविकॉलने चिकटवून मोकळा होतो. पावसाळ्यात कागद फुगतो आणि हिवाळ्यात आकसतो. चारही बाजूंनी चिकटवलेला कागद त्यामुळे सुरकुततो किंवा फाटतो. मूळ पान वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन पट्ट्यांनी, गव्हाच्या स्टार्चची खळ लावून, नुसते टांगलेले असावे. पुढचा आणि मागचा माउंट आम्लरहित असावा, आणि माउंटच्या जाडीमुळे काच कागदाला टेकता कामा नये. लॅमिनेशनचे नावही काढू देऊ नये.

मांडणीबद्दल एकच सांगायचे आहे. शास्त्रीय चित्रांत मासा बहुधा डावीकडे तोंड करून काढतात. दार भिंतीच्या डाव्या टोकाला असेल तर सगळा थवा घराबाहेर निघाल्यासारखा दिसतो, आणि ते रोज डोळ्यांना टोचते. जुन्या ग्रंथांत उजवीकडे तोंड असलेली पानेही सापडतात, कारण मूळ चित्र पत्र्यावर जसेच्या तसे कोरले की छापताना ते उलटे होते. तशी पाने निवडून हा प्रश्न सोडवता येतो. संगणकावर चित्र आरशासारखे उलटवणे मात्र टाळावे. अक्षरे उलटतात हे तर झालेच, शिवाय लेपांसारख्या चपट्या माशांत दोन्ही डोळे अंगाच्या कोणत्या बाजूला आहेत यावरून मासा ओळखला जातो, त्यामुळे उलटवलेले चित्र बघता बघता दुसऱ्याच माशाचे होऊन बसते.

दुकानातील ते पान उघडून पाहता आले, तर भिंगातून घेतलेले छायाचित्र आणि कागद उजेडासमोर धरून काढलेले दुसरे छायाचित्र इथे टाकावे. त्या दोन्हींवरून बरेच काही नक्की सांगता येईल.