हर्पिसच्या रिपोर्टमध्ये आयजीएम पॉझिटिव्ह आणि एचएसव्ही २ आयजीजी १.६ आलंय. मला हर्पिस झालाच का?

तुमच्या प्रश्नातून मला समजलं ते असं. तीन आठवड्यांपूर्वी संबंध आला, कंडोम फाटला, अंगावर अजून काहीच उठलेलं नाही. तरी धास्तीने तुम्ही कॉलेज रोडच्या एका लॅबमध्ये हर्पिसचं पॅनल केलं. त्यात आयजीएम पॉझिटिव्ह, एचएसव्ही १ आयजीजी २८ आणि एचएसव्ही २ आयजीजी १.६ आलं. (एचएसव्ही म्हणजे हर्पिसचा विषाणू. त्याचे दोन प्रकार, १ मुख्यतः ओठांवरचा आणि २ मुख्यतः जननेंद्रियाचा. आयजीएम आणि आयजीजी या त्याच्याशी लढायला शरीराने रक्तात बनवलेल्या अँटीबॉडी.) मित्र म्हणतो ही नागीण. आणि तुळशीच्या लग्नानंतर, म्हणजे पाच महिन्यांनी, तुमचं लग्न आहे.

मी डॉक्टर नाही. नाशिकमध्येच पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे आणि असे रिपोर्ट हातात धरून रडवेले झालेले लोक मी पाहते. म्हणून आधी उत्तर सांगते: या कागदावरून तुम्हाला जननेंद्रियाचा हर्पिस झालाय असं म्हणता येत नाही. झाला नाही असंही म्हणता येत नाही. तपासणी फार लवकर झाली आहे.

मित्राचं पहिल्यांदा बाजूला ठेवा. नागीण कांजिण्यांच्या विषाणूमुळे होते, तो विषाणू वेगळा. तुमच्या रिपोर्टचा तिच्याशी संबंध नाही.

आता आयजीएम. ‘आयजीएम म्हणजे ताजा संसर्ग’ हे सगळ्यांनी कुठेतरी वाचलेलं असतं, आणि ठळक अक्षरातलं पॉझिटिव्ह पाहून माणूस तिथेच खचतो. हर्पिसमध्ये हा नियम चालत नाही. वर्षानुवर्षांचा जुना संसर्ग पुन्हा डोकं वर काढतो तेव्हाही आयजीएम पॉझिटिव्ह येतं, प्रकार १ आणि प्रकार २ मधला फरक त्याला नीट कळत नाही, आणि काहीच नसतानाही ते पॉझिटिव्ह येऊ शकतं. अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, ही तपासणी वापरू नका असं स्पष्ट म्हटलंय. तरी ती पॅनलमध्ये विकली जाते, याचा मला मनापासून राग येतो. तुमच्या रिपोर्टमधली ती ओळ नाही असं समजा.

एचएसव्ही १ चे २८ बघूनही घाबरू नका. हा विषाणू बहुतेकांना लहानपणीच, घरातल्या कुणाच्या तरी पापीतून मिळतो. तापानंतर ओठाच्या कडेला पाणीदार फोड येतात ते याचेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार ५० वर्षांखालच्या सुमारे ६४ टक्के लोकांमध्ये तो आहे. तो जननेंद्रियावरही होऊ शकतो, पण शरीरात नेमका कुठे आहे हे रक्त सांगत नाही. आकडा मोठा म्हणजे आजार मोठा, असंही नाही. इतकी ठाम आयजीजी तीन आठवड्यांत क्वचितच तयार होते, त्यामुळे हा संसर्ग बहुधा जुनाच.

राहिला १.६, आणि तुमचा खरा प्रश्न तोच. हा आकडा म्हणजे रक्तातल्या विषाणूंची मोजणी नव्हे. तुमच्या रक्ताने दिलेला सिग्नल भागिले त्या किटचा कटऑफ (पॉझिटिव्ह ठरवायची सीमारेषा), एवढंच ते गुणोत्तर. साधारणपणे ०.९ च्या खाली निगेटिव्ह, १.१ च्या वर पॉझिटिव्ह आणि मधलं संदिग्ध. दुसऱ्याच कुठल्या अँटीबॉडी थोड्याफार चिकटल्या तरी १.१ ओलांडलं जातं, आणि सॉफ्टवेअर तेवढ्यावर पॉझिटिव्ह छापून मोकळं होतं. १.१ ते ३ या पट्ट्यात खोटे पॉझिटिव्ह खूप निघतात, म्हणून सीडीसीच्या २०२१ च्या सूचनांमध्ये असा निकाल दुसऱ्या पद्धतीच्या तपासणीने पक्का करून घ्यायला सांगितलंय. तुमचा १.६ खोटा असेल, जुना संसर्ग असेल किंवा नुकत्याच बनू लागलेल्या अँटीबॉडी असतील. आज यातलं काय, ते कुणालाच सांगता येणार नाही.

म्हणून संबंध आला त्या दिवसापासून १२ आठवडे मोजा आणि कॅलेंडरवर खूण करा. त्या दिवशी फक्त आयजीजी करा, आयजीएम नको. आपल्याकडे बऱ्याच लॅब रक्त मुंबई-पुण्याला पाठवतात आणि पुष्कळदा ‘एचएसव्ही १+२’ अशी एकत्र तपासणी होते, तिचा तुम्हाला उपयोग नाही. काउंटरवर विचारा, ‘टाइप स्पेसिफिक आहे का, दोन्हींचे आकडे वेगळे येतील का?’ शक्यतो तीच लॅब, तीच पद्धत ठेवा, कारण वेगवेगळ्या किटचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. तेव्हा निगेटिव्ह आलं तर विषय मिटल्यातच जमा. ३ च्या बराच वर गेलं तर संसर्ग खरा असण्याची शक्यता मोठी. १.६ च्या आसपासच रेंगाळलं तर त्वचा-गुप्तरोग तज्ज्ञांना दुसऱ्या पद्धतीची तपासणी सुचवायला सांगा.

मधल्या काळात जननेंद्रियावर दुखरे फोड, जखम, लघवीला आग किंवा जांघेत अवधाण आलं तर १२ आठवड्यांची वाट पाहू नका. फोड ताजा असताना, शक्यतो त्याच दिवशी, डॉक्टरांकडून त्यातला स्वॅब घेऊन पीसीआर, म्हणजे थेट विषाणू शोधणारी तपासणी, करून घ्या. रक्ताच्या कुठल्याही रिपोर्टपेक्षा तो खात्रीचा. लक्षणं साधारण २ ते १२ दिवसांत दिसतात. ती दिसली नाहीत ही बरी गोष्ट, पण अनेकांना संसर्ग असूनही काही जाणवत नाही, म्हणून त्यावर विसंबू नका. स्वतःच्या मनाने असायक्लोव्हिर हे हर्पिसवरचं औषध सुरू करू नका. फोड असताना ते उपयोगी पडतं, पण विषाणूला शरीरातून हाकलत नाही.

तुमच्या प्रश्नात न आलेली एक गोष्ट मला हर्पिसपेक्षा महत्त्वाची वाटते. कंडोम फाटला तर एचआयव्ही, सिफिलिस आणि हिपॅटायटिस बी यांची तपासणी व्हायला हवी. एचआयव्ही टाळणारं औषध ७२ तासांच्या आत सुरू करावं लागतं, ती वेळ गेली, पण तपासणी आता एकदा आणि त्याच १२ आठवड्यांच्या सुमारास पुन्हा करा. त्र्यंबक रोडच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये एचआयव्हीची तपासणी मोफत आणि गोपनीय होते. लैंगिक आजारांसाठी सरकारचं सुरक्षा क्लिनिक असतं, तिथे समुपदेशक भेटतात. जायचा संकोच वाटला तर आधी १०९७ या मोफत हेल्पलाइनवर बोला. भिंतींवर ‘गुप्तरोग गॅरंटीने बरा’ लिहिलेलं असतं, तिकडे मात्र फिरकू नका.

लग्नाचं म्हणाल तर तारखेच्या आधी पक्का निकाल तुमच्या हातात येतो. तोवर कुणाशीही संबंध ठेवू नका. समजा एचएसव्ही २ खरंच निघाला, तरी लग्न मोडायचं कारण नाही. होणाऱ्या बायकोला लग्नाआधी सांगा, शक्य तर दोघं मिळून डॉक्टरांकडे जा. कंडोम, फोड असताना संबंध टाळणं आणि डॉक्टरांनी दिलं तर रोजचं व्हॅलासायक्लोव्हिर (असायक्लोव्हिरच्याच जातीचं औषध), यांनी तिला लागण होण्याचा धोका बराच कमी होतो. मुलंही होतात. बाळाला मोठा धोका असतो तो आईला गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत पहिल्यांदा लागण झाली तर, म्हणून दिवस राहिले की ही माहिती तिच्या डॉक्टरांना असलीच पाहिजे.